सॅन होजेतलं गांजाचं परवानाधारक दुकान: माल चोख, बिल जड

दुकान चांगलं आहे, हे आधीच सांगते. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा मालासाठी नाही आणि काउंटरवरच्या मुलांसाठी तर मुळीच नाही. तो बिलासाठी आहे, आणि त्या बिलातली बरीच रक्कम दुकानदाराच्या गल्ल्यात राहतही नाही. ती कुठे जाते आणि तिच्यापायी गिऱ्हाईक कुठे जातं, हे सांगितल्याशिवाय या दुकानाबद्दल खरं काही लिहिता येणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहते आणि छोट्या धंद्यांचे हिशेब ठेवते, त्यांची कराची विवरणपत्रं भरते. केमोथेरपीनंतर माझ्या नवऱ्याच्या तळपायांची रात्री आग व्हायला लागली. झोप पार उडाली होती. बाकीच्या गोळ्या चालू ठेवून झोपताना अगदी थोड्या मात्रेचं गांजाचं टिंक्चर, म्हणजे थेंबांनी घ्यायचा अर्क, घेऊन बघायला हरकत नाही, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या घरात दारूची बाटलीसुद्धा कधी आली नव्हती. त्यामुळे या दुकानाची पायरी चढायला दोघांनाही मनाची तयारी करावी लागली.

सॅन होजेत अशी दुकानं बहुतेक औद्योगिक भागात आहेत. आमचं हे दुकान मोटारींचं गॅरेज आणि फरशांचं गोदाम यांच्या मधे आहे. दारात सुरक्षारक्षक, आत छोटी खोली, तिथे ओळखपत्र दाखवून 21 वर्षं पूर्ण असल्याची खात्री झाली की मगच पुढचं दार उघडतं. आत गेल्यावर मात्र चष्म्याच्या दुकानात आल्यासारखं वाटलं: स्वच्छ काचेची कपाटं, भरपूर उजेड, कुठेही धूर नाही की घाई नाही. काउंटरवरच्या मुलीने, म्हणजे बडटेंडरने, काय हवंय हे विचारण्याआधी कुणासाठी हवंय ते विचारलं. नवरा रक्त पातळ होण्याची गोळी घेतो म्हटल्यावर तिने बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलला आहात का? नसाल तर आधी बोला, मग या. बाटली कुठे पळून जात नाही." विक्री हातची जाऊ देऊन असं सांगणारं माणूस मला औषधांच्या दुकानातही क्वचित भेटलंय. डॉक्टरांशी बोलून आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तीच होती. तिने अडीच मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलं, ड्रॉपरवरच्या खुणा दाखवल्या आणि आधीची मात्रा अंगात उतरायला दोन तास लागू शकतात तेव्हा घाईने दुसरी घेऊ नका, हे दोनदा बजावलं.

बाटलीचं लेबल मी घरी भिंग लावून वाचलं. त्रिकोणात पान आणि उद्गारचिन्ह, खाली कॅलिफोर्नियाची अक्षरं, हे राज्याचं ठरलेलं चिन्ह. उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, एका मिलिलिटरमध्ये टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) किती आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती. बाजूच्या चौकोनी कोडवर फोन धरला की प्रयोगशाळेचा अहवाल उघडतो: कीटकनाशकं, शिसं, बुरशी, द्रावकाचे अंश. हा तपास काटेकोर असतो असं डोळे झाकून मानू नका. लॉस एंजेलिस टाइम्सने 2024 च्या जूनमध्ये उघड केलं की परवान्याच्या दुकानांतल्या मालातही नको त्या प्रमाणात कीटकनाशकं सापडत होती आणि काही प्रयोगशाळा डोळेझाक करत होत्या. तरीही इथे निदान बॅच क्रमांक आहे, माल परत बोलावता येतो, जाब विचारता येतो.

आता बिल. 2025 च्या नोव्हेंबरमधलं बिल माझ्यासमोर आहे. कपाटातल्या चिठ्ठीवर टिंक्चरची किंमत होती 40 डॉलर. त्यावर शहराचा गांजा व्यवसाय कर 10 टक्के, म्हणजे 4 डॉलर. झाले 44. मग राज्याची एक्साइज, म्हणजे गांजावरचा खास कर, 15 टक्के, पण ती 40 वर नाही, 44 वर: 6 डॉलर 60 सेंट. झाले 50.60. मग सेल्स टॅक्स, तेव्हाचा आमच्याकडचा दर 9.375 टक्के, तो या संपूर्ण 50.60 वर: 4.74. हातात दिले 55 डॉलर 34 सेंट. चाळीसच्या वस्तूवर पंधराहून जास्त डॉलर कर, आणि त्यात करावर कर, त्या करावर पुन्हा कर. तिन्ही कर नुसत्या 40 वर लावले असते तर बिल 53.75 झालं असतं. फरक दीड डॉलरचा आहे. माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाने करावर कर लावून बिल बनवलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. इथे मात्र नियमच तसा आहे: शहराचा कर बिलात वेगळा दाखवला तरी एक्साइजसाठी तो विक्रीच्या रकमेतच धरायचा. घरपोच सेवेचे पैसे घेतले तर त्यावरसुद्धा एक्साइज लागते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हीच बाटली 57.27 ला पडली होती, कारण जुलैपासून एक्साइज 19 टक्के झाली होती. यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियाने 2016 च्या नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन 64 या मतदारांपुढच्या प्रस्तावाला कौल देऊन प्रौढांना गांजा खुला केला, आणि 1 जानेवारी 2018 पासून दुकानं सुरू झाली. तेव्हा दोन कर होते: विक्रीवर 15 टक्के एक्साइज, आणि शेतकऱ्यावर वजनानुसार कर, फुलाच्या दर औंसाला 9.25 डॉलर. हा वजनावरचा कर महागाईप्रमाणे वाढत 2022 मध्ये 10.08 झाला. म्हणजे पौंडाला 161 डॉलर. माल महाग होता तोवर शेतकऱ्याने तो सोसला. पण पीक उदंड आलं, घाऊक भाव कोसळून पौंडाला काही शे डॉलरवर आला, आणि कर तिथेच उभा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनोच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या लावणी करणारी छोटी कुटुंबं यात भरडली गेली. ज्यांनी धाडस करून परवाना घेतला, उजेडात आले, तीच आधी बुडाली, आणि शेजारचा बिनपरवान्याचा माणूस कुणालाच काही न देता विकत राहिला. याचा मला खरोखर राग येतो.

2022 च्या जुलैमध्ये हा शेतीवरचा कर रद्द झाला. पण त्या पैशांवर पाळणाघरं, तरुणांसाठीचे व्यसनमुक्तीचे कार्यक्रम, बेकायदा शेतीने नासलेल्या ओढ्यांची साफसफाई असं बरंच काही चालतं. ती तूट भरून काढायला तीन वर्षांनी एक्साइज वाढवायची असा तेव्हाच समझोता झाला. त्याप्रमाणे 1 जुलै 2025 ला ती 15 वरून 19 वर गेली. दुकानदारांनी हात टेकले. सॅन फ्रान्सिस्कोचे आमदार मॅट हेनी यांनी विधेयक आणलं, गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबरमध्ये सही केली, आणि 1 ऑक्टोबरपासून दर पुन्हा 15 झाला, तो 2028 पर्यंत. पाळणाघरं आणि पर्यावरणाच्या संस्था याच्या विरोधात होत्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: तीन वर्षांपूर्वी शब्द दिला होता, तो मोडला. मला तरीही दर उतरवणं बरोबर वाटतं. गिऱ्हाईकच रस्त्यावरच्या मालाकडे गेलं तर 19 टक्के कशावर लावणार? राज्याच्या स्वतःच्या अभ्यासानुसारही कॅलिफोर्नियात खपणाऱ्या गांजापैकी निम्म्याहून कमी माल परवान्याच्या दुकानातून जातो.

बिलावर न दिसणारा एक कर आणखी आहे, आणि हिशेबनीस म्हणून मला तो सगळ्यात अन्यायाचा वाटतो. अमेरिकेच्या आयकर कायद्यात 280 ई नावाचं कलम आहे. 1981 मध्ये मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विकणाऱ्याने आपल्या धंद्याचा खर्च उत्पन्नातून वजा करून मागितला आणि टॅक्स कोर्टाने तो बराचसा मान्य केला. त्यावर चिडून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पुढच्याच वर्षी हे कलम आणलं: अमली पदार्थांच्या सरकारी यादीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या, म्हणजे सर्वात कडक, अनुसूचीतले पदार्थ विकणाऱ्याला मालाच्या खरेदीखेरीज कुठलाही खर्च वजा करता येणार नाही. 2025 च्या अखेरीसही संघराज्याच्या कायद्यात गांजा पहिल्या अनुसूचीत होता, त्यामुळे राज्याचा परवाना असलेलं आमचं दुकानही त्यात सापडलं. समजा दुकानात 100 रुपयांची विक्री झाली. माल 60 चा. भाडं, पगार, पहारेकरी, वीज मिळून 35. हातात राहिले 5. किराणा दुकानाला या 5 वर 21 टक्के दराने रुपयाच्या आसपास कर बसेल. गांजाच्या दुकानाला 40 वर बसेल, म्हणजे 8 रुपये 40 पैसे. कमावले 5, कर 8.40. हा धंदा खिशातून पैसे घालून चालवायचा किंवा भाव वाढवायचा, तिसरी वाट नाही. कपाटातल्या 40 च्या चिठ्ठीत हे सगळं आधीच मुरलेलं असतं. 2025 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचं काम लवकर उरका, असा आदेश दिला. तसं झालं तर 280 ई त्याला लागू राहणार नाही. करांचे दर चार टक्के वरखाली करण्यापेक्षा या एका बदलाने दुकानं जास्त तगतील, असं माझं ठाम मत आहे.

आणि बँका. मोठ्या बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्या या धंद्यापासून लांब राहतात. आमच्या दुकानात रोख किंवा डेबिट कार्ड एवढंच चालतं, आणि डेबिटला वर शुल्क. रोख घेऊन गेलेलं बरं.

आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीतल्या एका पार्टीत एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, एवढे पैसे कशाला घालवता? माझ्याकडे एक नंबर आहे. अर्ध्या किमतीत घरी आणून देतो, बिलाची भानगड नाही." तो वाईट माणूस नाही. त्याला दुकानाचं बिल परवडत नाही आणि त्याच्या गावात दुकानही नाही. सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिलपिटास, जिथे आपली मराठी माणसं खच्चून भरली आहेत, तिथे एकाही दुकानाला परवानगी नाही. राज्यातल्या निम्म्याहून जास्त शहरांत आणि काउंट्यांत हीच स्थिती आहे. कर जास्त आणि दुकान लांब, मग नंबर असलेला माणूस जवळचाच वाटणार. मी त्याला 2019 आठवायला सांगितलं. त्या वर्षी देशभर तरुण पोरं फुफ्फुसं निकामी होऊन दवाखान्यात भरती होत होती. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत 2,807 जण दाखल झाले, 68 दगावले. व्हेपच्या, म्हणजे वाफ ओढायच्या, नळ्यांत गांजाचं तेल दाट दिसावं म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं होतं, आणि बहुतेक नळ्या अशाच, मित्राच्या मित्राकडून घेतलेल्या. माझ्या नवऱ्याची प्रतिकारशक्ती केमोने आधीच खचलेली आहे. बुरशी तपासलेली नसलेला माल मी अर्ध्या किमतीतच काय, फुकटही घरात आणणार नाही.

मी मूळची सावंतवाडीची. त्यामुळे कराच्या फरकाने काय होतं हे मला आकडेवारीतून शिकावं लागलं नाही. गोव्यात दारूवरचा कर कमी, महाराष्ट्रात जास्त, आणि मधे इन्सुलीचा तपासणी नाका. मासळीच्या गाडीत बर्फाखाली, ट्रकच्या चोरकप्प्यात, नारळांच्या पोत्यांखाली गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या वाचतच मी मोठी झाले. नाका आहे, माणसं राबतात, तरी माल थांबत नाही, कारण प्रत्येक बाटलीवर सुटणारा पैसा नाक्याच्या भीतीहून मोठा असतो. महाराष्ट्राने 2025 च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हा गावाकडच्या माणसांच्या पहिल्या बोलण्यात पुन्हा गोवाच होता.

कर नकोतच असं मी म्हणत नाही. पाळणाघरांना पैसा मिळावा, मुलांना व्यसनातून सोडवणाऱ्या संस्था चालाव्यात, आणि तो पैसा या मालातून यावा, हे मला मान्य आहे. पण औषध म्हणून घेणाऱ्याकडून एक्साइज का घ्यायची? काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याकडून मिळणारं वैद्यकीय ओळखपत्र असेल तर सेल्स टॅक्स माफ होतो. डॉक्टरांची शिफारस देऊन आम्ही ते काढलं, आता तीच बाटली 50.60 ला पडते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, राज्याचं कार्डच लागतं. ते वर्षभर चालतं, मग नव्याने काढावं लागतं. शहराचा कर आणि एक्साइज मात्र कार्डधारकालाही सुटत नाहीत. याच राज्याने 1996 मध्ये देशात सर्वप्रथम औषधी गांजाला मान्यता दिली, आणि ती एड्सच्या रुग्णांकडे बघून दिली. सॅन फ्रान्सिस्कोत ब्राउनी मेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेरी रॅथबन बाई स्वतः ब्राउनी भाजून त्या रुग्णांना फुकट वाटायच्या. 2018 नंतर परिस्थिती अशी आली की गरीब रुग्णांना फुकट दिलेल्या गांजावरही कर भरावा लागायचा, आणि असे दानाचे कार्यक्रम एकापाठोपाठ बंद पडले. शेवटी 2019 मध्ये वेगळा कायदा करून दानातल्या मालाला करमाफी द्यावी लागली, आणि त्या कायद्याला औषधी गांजासाठी लढलेले डेनिस पेरॉन आणि ब्राउनी मेरी यांचंच नाव दिलं. फुकट दिलेल्या औषधावर कर नको हे पटायला सरकारला एवढा वेळ लागला, तर विकत घेतलेल्या औषधावरच्या एक्साइजबद्दलही पटेल, अशी मला आशा आहे.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची सूचना. तुम्ही एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर या दुकानात जाऊ नका, आणि अशा धंद्यात नोकरीही धरू नका. राज्यात हे कायदेशीर असलं तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि 2019 च्या एप्रिलमध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलंय की अशा व्यवहारामुळे नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्याचा प्रश्न उभा राहू शकतो. आम्ही दोघं नागरिक आहोत म्हणून गेलो. वकिलाला विचारल्याशिवाय धोका पत्करू नका. आणि ती बाटली पर्समध्ये ठेवून मुंबईच्या विमानात चढायचा विचारही मनात आणू नका.

दुकानाबद्दलच्या बाकीच्या गोष्टी. गाडी लावायला जागा भरपूर आहे. शनिवारी दुपारी रांग लागते, आठवड्यात सकाळी कुणी नसतं. ज्येष्ठांना सवलत आहे, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. गमीच्या, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांच्या, डब्या मुलांना उघडता येत नाहीत अशा आहेत, त्यामुळे सांधे दुखणाऱ्यालाही त्या उघडता येत नाहीत. काउंटरवर सांगितलं तर ते झाकण उघडून दाखवतात. पाय चोळायचा बाम घेतला तो आम्हाला उपयोगी वाटला नाही. टिंक्चरने मात्र नवऱ्याला बऱ्याच रात्री चार-पाच तास सलग झोप मिळते. आग थांबत नाही, पण झोप मिळते.

दुकानाकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती त्यांच्या हातातली आहे. कपाटातल्या चिठ्ठीवर कर धरून पूर्ण किंमत लिहा. शेजारच्या पेट्रोल पंपावर लिहिलेला भाव तोच शेवटचा भाव असतो, इथेही तसंच असू द्या. पहिल्यांदा आलेली वयस्कर माणसं चाळीस मोजून ठेवतात आणि काउंटरवर पंचावन्न ऐकून ओशाळतात. माझ्यापुढे एका आजींनी गमीची डबी परत ठेवून फक्त बाम घेतला. मॅनेजरशी बोलले तेव्हा ते म्हणाले, शहर आणि राज्याचे दर बदलले की शेकडो चिठ्ठ्या बदलाव्या लागतात. एका वर्षात एक्साइज दोनदा बदलली, हे मला ठाऊक आहे. पण आता 2028 पर्यंत ती हलणार नाही, तेव्हा चिठ्ठ्या छापायला हरकत नाही. त्या छापल्या की पाचवा तारा मी देईन.